विहारातले वाचन घरात कधी येणार?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की, आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्यातले प्रसंग पाठ असतात. ऐकून माणूस शहाणा होतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. मग हाच समाज घरी गेल्यावर आपल्या चार वर्षांच्या लेकराला पुस्तक का वाचून दाखवत नाही?

सुभेदार रामजी बाबासाहेबांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला रोज रामायण-महाभारताचा काही भाग वाचायला लावीत. हेच ग्रंथ का, असा प्रश्न पुढे मुलानेच बापाला विचारला. घरात वाचन होते म्हणून प्रश्न विचारण्याचे बळ आले, हे आम्ही विसरतो.

आज स्थिती काय आहे? 2024 च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. ही मुले कोणाची, हे सांगायला हवे काय? वकिली करताना आम्ही रोज पाहतो. आपला माणूस सही करतो, पण कशावर सही केली ते त्याने वाचलेले नसते.

शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 51क मध्ये अकरावे मूलभूत कर्तव्य घातले. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते शाळेत नाव घातल्याने संपत नाही आणि त्याची तयारी सहा वर्षांच्या आधीच व्हावी लागते.

"आम्हालाच नीट वाचता येत नाही," असे माता-भगिनी म्हणतात. म्हणूनच पालकांचे प्रशिक्षण हवे. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात 1989 साली बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तके देऊन पालकांना वाचून दाखवायला शिकवणे सुरू केले. आमच्याकडे तर गल्लोगल्ली विहार आहेत.

शिकवायचे तरी किती? लेकराला मांडीवर घ्यावे, म्हणजे दोघांनाही पान दिसते. शब्दाखाली बोट फिरवावे. मध्येच थांबून "आता काय होईल?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. तेच पुस्तक दहा वेळा मागितले तर दहा वेळा वाचावे. अडखळलात तर लाजू नका. अडखळत का होईना आई वाचते, हे लेकरू पाहत असते. अक्षरे येत नसतील तर चित्रांवरून आपल्या घरच्या बोलीत गोष्ट सांगा, थोरल्या मुलीला वाचायला बसवा. आणि बापाने हे काम आईवर ढकलू नये. इंग्रजी शाळेची फी भरून मोकळे होणारे आमच्यासारखे वकील, अधिकारी, प्राध्यापकही यात कमी दोषी नाहीत.

दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास पालकांसाठी राखून ठेवावा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तरी चित्रांची पुस्तके येतील. विहारात एक पेटी ठेवावी, पुस्तक घरी न्यावे, पुढच्या रविवारी परत आणावे. मूकनायकाच्या काळात वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला वाचून दाखवले, तेव्हा चळवळ वस्तीत पोहोचली. आज ऐकणारा आपल्याच मांडीवर बसला आहे. समाजबांधवांनो, आज रात्री त्याला दहा मिनिटे द्याल काय?