घरची मोटार, जहाजाचा कॅटापुल्ट आणि पंप थांबवायची अक्कल

शिरड शहापूरला आमच्या घरी मोटार चालू केली की आईचं एक लक्ष गच्चीकडे असायचं. टाकी वाहायला लागली की हाक, "अरे, मोटार बंद कर!" मग आम्ही फ्लोट स्विच बसवला. पाणी खाली गेलं की मोटार चालू, टाकी भरली की बंद. विमानवाहू जहाजावरच्या हायड्रॉलिक पंपामागेही हीच कल्पना आहे.

जहाजावरची धावपट्टी छोटी असते. म्हणून विमानाला जोरात ओढून वेग देणारं यंत्र लागतं, तेच कॅटापुल्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जहाजांवर ते तेलाच्या दाबावर चालायचं. पण क्षणात एवढी ताकद थेट पंपातून काढायची, तर पंप अवाढव्य लागेल. म्हणून पंप सावकाश एका मजबूत टाकीत तेल भरतो. तिला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. तेल शिरतं तशी आतली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते. झडप उघडली की हा साठा एकदम सुटतो आणि विमान सुसाट निघतं.

पंपाला थांबायचं कसं कळतं? इथे पातळीऐवजी दाब मोजतात. कोडच्या भाषेत सांगतो: दाब खालच्या मर्यादेखाली गेला, भर. वरच्या मर्यादेला पोचला, थांब. मधे असेल तर जे चाललंय ते चालू दे. मर्यादा एकच ठेवली तर पंप सारखा चालू-बंद होत राहील. काही पंपांत तर मोटार फिरतच राहते, फक्त पंप तेल ढकलणं थांबवतो.

२६ मे १९५४ ला अमेरिकेच्या बेनिंग्टन जहाजावर कॅटापुल्टचं तेल गळून पेटलं. स्फोटात १०३ जण गेले. त्यानंतर अमेरिकी नौदल वाफेच्या कॅटापुल्टकडे वेगाने वळलं. १९६१ मध्ये आपल्या नौदलात आलेल्या पहिल्या विक्रांतवरही वाफेचंच होतं. २०२२ च्या नव्या विक्रांतवर कॅटापुल्टच नाही, विमानं पुढच्या चढावरून झेपावतात.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट एकच: पंप बंद झाला म्हणजे दाब संपला असं नाही. ट्रॅक्टर किंवा जेसीबीचं इंजिन बंद असलं, तरी उचललेल्या भाराखालचं तेल दाबात असतं. म्हणून पाइप खोलण्याआधी भार जमिनीवर टेकवा आणि दाब सोडा. घाईत असलात तरीही.