घर आहे, पण वर्गणी कुठून भरायची?

जुन्या सोसायटीचं मासिक बिल नीट वाचलं की कमाई थांबलेल्या सभासदाची कोंडी कुठे होते ते कळतं. सेवाशुल्क, पाणीपट्टी, लिफ्ट यांच्याखाली दोन बारीक रकमा असतात: दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. आदर्श उपविधींप्रमाणे त्या वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण आणि पाव टक्का. हा खर्च इमारत उभी राहिली तेव्हाचा. १९८० साली फ्लॅटमागे ६०,००० रुपये लागले असतील, तर दोन्ही मिळून वर्षाला जमतात ६०० रुपये. चाळीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलमच्या गंजलेल्या सळया उघड्या पडतात, तेव्हा या शिलकीतून प्लास्टरसुद्धा होत नाही. मग सर्वसाधारण सभेत फ्लॅटमागे लाखाची वर्गणी ठरते. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली ती महिना १,००० रुपये. तेवढ्यावर घर चालवणाऱ्या बाईनं लाख रुपये आणायचे कुठून? थकबाकीवर उपविधींनी २१ टक्क्यांपर्यंत व्याजाची मुभा वर्षानुवर्षे दिलेली आहे, आणि त्यापुढे वसुली दाखला, जप्ती.

पेन्शनीत शे-दोनशेची भर घालून हे सुटणार नाही. या एका खर्चापुरतं कर्ज हवं, हप्ता नसलेलं, फ्लॅटवर बोजा चढवून दिलेलं आणि फ्लॅट विकला किंवा वारसांच्या नावावर झाला की फिटणारं. घर तारण ठेवून ज्येष्ठांना पैसे देणारं रिव्हर्स मॉर्गेज आहेच की, असं कोणी म्हणेल. पण राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या नियमांत इमारतीचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं लागतं. म्हणजे जिला दुरुस्तीची गरज, तीच इमारत अडते. घर विकून लांब जावं, हा सल्लाही सोपा वाटतो. सत्तरीनंतर ओळखीचा डॉक्टर आणि हाकेला येणारे शेजारी नव्या गावात कुठून मिळणार? एकाच्या घरासाठी इतरांनी झळ का सोसायची, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच मी अनुदान मागत नाही. पैसा परत येतो, आणि सोसायटीची बाकी चुकवल्याशिवाय हस्तांतर अडतं, त्यामुळे वसुलीची वाट आधीच तयार आहे. वारसांच्या वाट्यालाही दुरुस्त झालेलं घर येतं. स्वयंपुनर्विकासासाठी मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक सोसायट्यांना कर्ज देते. दुरुस्तीसाठी सरकारच्या हमीवर तशी सोय करणं अशक्य नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. अशा सभासदांचे कर्जाचे अर्ज त्या अहवालाबरोबरच जायला हवेत, व्याज चढायला लागल्यावर नव्हे.