तीन मिनिटांत सांगा!



२००८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात भीषण दुष्काळ होता. पाणी वाचावे म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे घड्याळ लावून आंघोळ उरकत. त्यावरून तेथील विद्यापीठाचे प्रा. अ‍ॅलन लॉसन यांना सुचले, की संशोधक विद्यार्थ्यालाही आपले काम तीनच मिनिटांत सांगायला लावावे! अशी ही स्पर्धा सुरू झाली. नियम कडक : पडद्यावर एकच स्थिर चित्र, हातात कसलीही वस्तू नाही, वेळ उलटली की स्पर्धक बाद.

आपल्या राज्यातही २००६ साली सुरू झालेली विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा आहे. तीत शेती व पशुसंवर्धनाचा स्वतंत्र गट आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. अशा प्रश्नांवर आज शेतकऱ्यांची मुले-मुली संशोधन करतात. पण घरी विचारलं, “काय शिकतोस रे?” तर उत्तर येतं, “तुम्हाला नाही कळायचं, आबा.”

कळायचं कसं नाही? ज्याला उसाचा उतारा कळतो, त्याला हेही कळेल. सांगणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, स्पर्धेत नाव घालण्याआधी घड्याळ लावून ओसरीवर आई-वडिलांना सांगा. त्यांना कळलं, की अर्धी स्पर्धा जिंकलीच!