इमानी गिऱ्हाईक रुसते तेव्हा

इंग्लंडच्या फुटबॉल मैदानावरून व्यापाऱ्यांसाठी एक धडा

कापडबाजारातील जुनी माणसे सांगत असत की, बुडालेली उधारी एखाद्या चांगल्या सीझनमध्ये भरून निघते, पण तुटलेले गिऱ्हाईक भरून निघत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ या धंद्यात घालवल्यावर आम्हाला या बोलण्याची सचोटी पटली आहे. तथापि एक गिऱ्हाईक असेही असते, जे तुटायला तयारच नसते. भाव वाढवा, माल हलका द्या, तरी ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. अशा गिऱ्हाइकाशी दुकानदार कसा वागतो, यावरूनच त्याची दयानतदारी कळते. आज आम्ही अशाच गिऱ्हाइकांची हकीकत सांगणार आहोत. हे गिऱ्हाईक कापडाचे नाही, फुटबॉलचे आहे. मात्र गाव कापडाचेच आहे, मँचेस्टर!

मँचेस्टरचे नाव आपल्या विणकर बांधवांना नवे नाही. इचलकरंजी आणि भिवंडी या दोन्ही गावांना लोक कौतुकाने महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणत आले आहेत. १८७८ साली या शहराच्या न्यूटन हीथ भागात रेल्वेचे डबे-वाघिणी बनवणाऱ्या कामगारांनी एक फुटबॉल क्लब काढला. १९०२ मध्ये त्याचेच नाव मँचेस्टर युनायटेड झाले. कामगारांनी सुरू केलेला हा खेळ पुढे अब्जावधींचा धंदा झाला.

तिकडे क्लबचा पक्का चाहता दर सामन्याला खिडकीवर उभा राहत नाही. आपण लोकलचा पास काढतो, तसा तो वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण हंगामाचे सीझन तिकीट काढतो. पैसे आगाऊ, खुर्ची ठरलेली. कित्येक घरांत बापाच्या शेजारच्या खुर्चीवर मुलगा मोठा होतो आणि मग नातू येऊन बसतो. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर हे असे गिऱ्हाईक आहे, जे माल पाहण्याआधी पैसे देते, घासाघीस करीत नाही आणि संघ हरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा येते. कोणत्या व्यापाऱ्याला असे गिऱ्हाईक नको असेल?

दुकान घेतले, कर्ज दुकानावरच

मे २००५ मध्ये माल्कम ग्लेझर या अमेरिकन धनिकाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतला. क्लबची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड धरली गेली. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाऊ होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर टाकण्यात आला. त्यापूर्वी हा क्लब कर्जमुक्त होता.

वाचकांनी हा व्यवहार नीट समजून घ्यावा. समजा, कोणी तुमचे चालते दुकान विकत घेतले. पैसे सावकाराचे. तारण तुमचेच दुकान. व्याजही तुमच्याच गल्ल्यातून. म्हणजे दुकानाने स्वतःला विकण्याचा खर्च स्वतःच भरायचा! गल्ल्यात पैसा येतो कोठून? गिऱ्हाइकाच्या खिशातून. व्याजाला आपल्या धर्माने हराम का ठरवले, हे समजावण्यासाठी मोठमोठे ग्रंथ आहेत. पण आम्हाला वाटते की, हे एक उदाहरणही पुरेसे बोलके आहे. कर्ज काढणारा एक, फायदा घेणारा दुसरा आणि फेडणारा तिसराच.

पुढे व्हायचे तेच झाले. तिकिटांचे दर चढत गेले. २००७ पासून सीझन तिकीटधारकाला चषक स्पर्धांच्या घरच्या सामन्यांची तिकिटेही घेणे बंधनकारक झाले. आपल्या बाजारात याला जोडमाल म्हणतात. चालणाऱ्या मालाबरोबर दुसरा माल गळ्यात मारायचा. जानेवारी २०१० मध्ये क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे काढले, तेही जुने कर्ज फेडण्यासाठी. म्हणजे एका सावकाराचे देणे दुसऱ्याच्या पैशाने भागवणे चालू राहिले.

ज्यांनी पास परत केला

२००५ सालीच अनेक चाहत्यांनी निर्णय घेतला की, या व्यवहाराला आमच्या खिशातला पैसा लागणार नाही. वर्षानुवर्षांची खुर्ची त्यांनी सोडली. ज्याने वडिलांबरोबर त्या खुर्चीवर बालपण काढले, त्याच्यासाठी ही सोपी गोष्ट नव्हती. घराघरांत वाद झाले. एक भाऊ जात राहिला, दुसऱ्याने जाणे सोडले, असेही घडले.

परंतु ही मंडळी नुसती रुसून बसली नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांनी एफ.सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. त्याचा नियम एकच, एक सभासद एक मत. कोणी जास्त पैसे भरले तरी मत एकच. आपल्याकडील सहकारी संस्थेसारखाच हा प्रकार आहे. बऱ्याच खालच्या वर्गापासून सुरुवात करून पहिल्या तीन हंगामांत हा क्लब तीन पायऱ्या वर चढला. खेळाडूंच्या शर्टावर कंपनीची जाहिरात नाही. ऐपतीप्रमाणे पैसे भरून सीझन तिकीट घेण्याची सोयही त्यांनी केली. दहा वर्षे दुसऱ्यांची मैदाने भाड्याने घेतल्यावर २०१५ मध्ये मॉस्टन भागात त्यांचे स्वतःचे मैदान उभे राहिले. त्यासाठी सभासदांनी समभागांतून मोठा वाटा उचलला. पुढे तेथेही भांडणे झाली, २०१६ मध्ये कारभाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. सहकारात हे चालायचेच. पण मालकी सभासदांच्या हातून गेली नाही.

मग मूळ क्लबचे काय झाले? येथे आम्हाला खरे तेच सांगितले पाहिजे. ग्लेझर कुटुंबाचे काही बिघडले नाही. सोडलेल्या खुर्च्यांवर दुसरे लोक येऊन बसले. स्टेडियम वाढवून सुमारे ७६ हजारांचे झाले आणि तेही भरू लागले. २०१० मध्ये चाहत्यांनी लाल रंग बाजूला ठेवून न्यूटन हीथच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगाच्या पट्ट्या गळ्यात घातल्या. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमनेही सामना संपल्यावर ती पट्टी गळ्यात घातली आणि जगभर छायाचित्रे छापून आली. काही श्रीमंत चाहत्यांनी क्लब विकत घेण्याची तयारी चालवली, ती जूनमध्ये थंडावली. २०१२ मध्ये शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. २ मे २०२१ रोजी संतापलेले चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला, तरी बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिले.

ब्लॅकपूलचे रिकामे बाकडे

मँचेस्टरपासून जवळच समुद्रकाठी ब्लॅकपूल हे गाव आहे. पूर्वी लँकेशायरच्या गिरण्यांना सुट्टी लागली की, कामगार बायकामुलांसह येथेच येत. या गावचा छोटा क्लब २०१०-११ च्या हंगामात देशाच्या सर्वोच्च वर्गात खेळला. तेथे प्रक्षेपणाचा मोठा पैसा मिळतो. तो पैसा संघावर लागेल, अशी चाहत्यांची अपेक्षा होती. पण मालक ऑयस्टन कुटुंबाने पैसा दुसरीकडे वळवला, अशी तक्रार होऊ लागली. संघ घसरत गेला. बोलणाऱ्या काही चाहत्यांवर बदनामीचे दावे लागले.

तेव्हा चाहत्यांनी घोषणा दिली की, आता आमच्याकडून एक पेनीही नाही. तिकीट नाही, शर्ट नाही, मैदानावरचा चहासुद्धा नाही. २०१७ मध्ये संघ वेंबलीच्या मैदानावर निर्णायक सामना जिंकून वरच्या वर्गात गेला, त्या दिवशीही बहुसंख्य चाहते घरीच राहिले. ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहायची, तोच दिवस आपल्या हाताने सोडायचा, याला मोठा सब्र लागतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लबचे भागीदार वालेरी बेलोकॉन यांच्या दाव्यात उच्च न्यायालयाने निकाल दिला की, मालकांनी क्लबमधून गैरवाजवी रीतीने पैसा काढला. भागीदाराला ३ कोटी १० लाख पौंडांहून अधिक देण्याचा हुकूम झाला. ती रक्कम पूर्ण चुकती झाली नाही, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने क्लबवर रिसीव्हर नेमला आणि जुना कारभार संपला. ९ मार्च २०१९ च्या सामन्याला १५ हजारांवर लोक परत आले. सामना बरोबरीत सुटला, पण निकालाची फिकीर कोणाला होती? जूनमध्ये ब्लॅकपूलमध्येच जन्मलेल्या एका उद्योजकाने क्लब घेतला.

एकाच प्रांतातील दोन बहिष्कार. एक फसला, एक पार पडला. असे का? आमच्या मते कारणे दोन. पहिले म्हणजे मँचेस्टरच्या दारात दुसरे गिऱ्हाईक रांगेत उभे होते, ब्लॅकपूलच्या दारात कोणी नव्हते. दुसरे म्हणजे ब्लॅकपूलमध्ये बहिष्काराच्या जोडीला कायदा होता. नुसत्या रागाने दुकान बंद पडत नाही, चोपडी कोर्टात उघडावी लागते.

मालक शहाणा असेल तर गोष्ट एवढी ताणलीही जात नाही. लिव्हरपूलने नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड ठरवले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून गेले. मालकांनी चारच दिवसांत माफी मागून दरवाढ मागे घेतली. चूक झाली तर ती कबूल करण्यात व्यापाऱ्याची अब्रू जात नाही, उलट वाढते.

बहिष्कार कोणाविरुद्ध?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बहिष्कार हा शब्द आपल्या कानाला टोचतो, आणि ते साहजिक आहे. दुकानदाराचे नाव वाचून त्याच्याकडून खरेदी करू नका, असे सांगणारी पत्रके आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. मक्केच्या कुरैशांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या बनू हाशिम घराण्याशी खरेदी-विक्री आणि सोयरीक बंद केली होती. ते हाल सुमारे तीन वर्षे चालले. तो बहिष्कार कोणाच्या खोट्या मापावर नव्हता, माणसांच्या अस्तित्वावरच होता. अशा बहिष्काराला जुल्म म्हणतात.

चाहत्यांचा बहिष्कार वेगळा. तो वंशावर नाही, धर्मावर नाही, वागणुकीवर आहे. वागणूक सुधारली की तो संपतो. लँकेशायरने असा बहिष्कार दुसऱ्या बाजूनेही पाहिलेला आहे. आपल्याकडे विलायती कापडावर बहिष्कार होता, तेव्हा तेथील गिरणी कामगार बेकार होत होते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी त्याच कामगारांना भेटायला डार्विन गावी गेले आणि त्यांनी गांधीजींचे प्रेमाने स्वागत केले. लढाई त्यांच्याशी नाही, हे त्यांना समजले होते.

आपला गल्ला तपासावा

आम्हीही एकदा गिऱ्हाईक म्हणून रुसलो होतो. एका गिरणीचा माल आमच्या पेढीवर वडिलांच्या काळापासून येत असे. मालक बदलले आणि जोडमालाची सक्ती सुरू झाली. ताग्यावर छापलेले मीटर आणि गजाने मोजलेले मीटर जुळेना. पत्रे लिहिली, उत्तर नाही. तेव्हा आम्ही सात व्यापारी इशाच्या नमाजनंतर बसलो आणि बुकिंग बंद करण्याचे ठरवले. एक जण महिन्याभरात फुटला. बाकीच्यांनी दोन ईदा आणि एक लग्नसराई कळ सोसली. आमचे काही गिऱ्हाईक त्या काळात गेले, ते गेलेच. गिरणीने अखेर जोडमाल बंद केला, माप मात्र सुधारले नाही. आम्ही परत गेलो नाही.

परंतु खरा धडा आम्हाला त्यानंतर मिळाला. खेड्यातील एक दुकानदार वीस वर्षे आमच्याकडून माल नेत असे. त्याने कधी भाव विचारला नाही. घासाघीस करणाऱ्याला आम्ही मीटरमागे दोन रुपये कमी लावत होतो, आणि या न विचारणाऱ्याला पूर्ण भाव. आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हते. एका वर्षी तो आला नाही. भांडण नाही, तक्रार नाही, बाकीही चुकती केलेली. दुसऱ्याकडून कळले की, त्याने आमचे एक बिल शेजारच्या दुकानात पाहिले होते. आम्ही त्याच्या गावी गेलो, चूक कबूल केली. त्याने चहा पाजला, माफ केले, पण खाते पुन्हा उघडले नाही.

मापतोलाबद्दल कुरआनची ताकीद आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आम्ही मीटर कमी दिला नव्हता, तरी विश्वासाचे माप मारले होते. जो सर्वांत कमी विचारतो, त्याच्याकडून सर्वांत जास्त घेणे, हेच तर मँचेस्टरच्या मालकांनी केले.

तेव्हा व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की, या महिन्यात चोपडी उघडून आपल्या सर्वांत जुन्या दहा गिऱ्हाइकांची नावे काढावीत आणि त्यांना लावलेला भाव नव्या गिऱ्हाइकाच्या भावाशी ताडून पाहावा. कारागीर बांधवांनीही पाहावे की, न बोलणाऱ्याचे काम आपण मागे तर ठेवत नाही ना. इमानी गिऱ्हाईक म्हणजे आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. तिच्यावर कर्ज काढण्याचा आपल्याला हक्क नाही.