एक ग्रंथी बिघडली, दुसरीचे काय?

थायरॉइडच्या काही रुग्णांचे डोळे पुढे आलेले आपण पाहतो. आयर्लंडच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, म्हणून हा ग्रेव्ह्जचा आजार. यात आपली प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते. ती थायरॉइडला सतत चेतवतात आणि डोळ्यांमागील ऊतींना सूज येते.

ही चूक एकाच ग्रंथीवर थांबेल असे नाही. क्वचित मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीही अशाच नष्ट होतात. टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेला आजार तो हाच. कॉर्टिसॉल कमी पडले की पियूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना चेतवणारे संप्रेरक जादा सोडते. ते त्वचेतील रंगपेशींनाही चेतवते. त्यामुळे तळहाताच्या रेषा व हिरड्या काळवंडतात. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात. म्हणून रंग नव्याने बदलला का, हे विचारावे.

वजन घटणे आणि थकवा दोन्ही आजारांत असतात. इथेच फसगत होते. थायरॉइड आटोक्यात येऊनही वजन घटतच राहिले, उठताना चक्कर आली, खारट खाण्याची ओढ वाढली, तर डॉक्टरांनी सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉल तपासायला हवे.

एवढी काळजी कशासाठी? उपचारांनंतर थायरॉइड मंदावली तर थायरॉक्सिन देतात. त्याने शरीरातील कॉर्टिसॉल लवकर संपते. अधिवृक्क ग्रंथी निकामी असताना ते आधी दिले, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून अशा रुग्णाला आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉक्सिन.