वृक्षकामातील भूसंरक्षक तक्ते : निवडीमागील यांत्रिक विचार

मोठा वृक्ष छाटावयाचा अथवा उतरवावयाचा असला म्हणजे आता केवळ दोर, कोयता आणि करवत यांवर भागत नाही. उचलशिडीची गाडी, फांद्यांचे तुकडे करणारे यंत्र, ओंडके वाहणारी छोटी चाकगाडी, प्रसंगी क्रेन, असा सारा सरंजाम झाडाच्या बुंध्यापाशी नेला जातो. ज्या वृक्षाच्या हितासाठी ही यंत्रे येतात त्याच्याच मुळांवरून ती फिरतात, आणि छाटणीमुळे झालेला लाभ जमिनीखाली नाहीसा होऊ शकतो. यास्तव यंत्रांच्या वाटेवर अंथरावयाचे तक्ते विकत घेण्याची प्रथा इंग्लंड-अमेरिकेतील वृक्षव्यवसायात रूढ झाली आहे. तथापि खरेदी करणारा सामान्यतः जो आकडा पाहून तक्ता निवडतो, त्याचा मुळांच्या रक्षणाशी फारच थोडा संबंध असतो.

हानी कशी होते ते प्रथम पाहणे इष्ट ठरेल. झाडाची बहुसंख्य बारीक मुळे जमिनीच्या वरच्या तीस ते साठ सेंटिमीटरांत असतात आणि ती पर्णभाराच्या कडेच्या पलीकडेही पसरलेली असतात. मुळे खोल पाताळात गेलेली असतात ही समजूत लोकप्रिय असली तरी बहुतेक वृक्षांच्या बाबतीत ती खरी नाही. मातीच्या कणांमधील मोठी रंध्रे हवेच्या ये-जा करण्याच्या वाटा होत. चाकाचा भार पडला की सर्वांत आधी हीच रंध्रे मिटतात. हवेने व्यापलेली रंध्रे मातीच्या घनफळाच्या दहा टक्क्यांहून कमी झाली म्हणजे मुळांचे श्वसन अडखळू लागते. आणि मातीचा भेदनास होणारा विरोध सुमारे दोन मेगापास्कलपर्यंत चढला की मुळांची वाढ बहुतांशी खुंटते. यातील बरीचशी हानी यंत्राच्या पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होऊन जाते. ‘एकदाच तर गाडी न्यायची आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे. शिवाय शेतजमिनीचे घट्टीकरण नांगराने काही अंशी मोडता येते. झाडाखाली नांगर चालविता येत नाही.

मातीतील ओलाव्याचे महत्त्वही येथेच ध्यानात घ्यावे लागते. लॉस एंजेलिस येथील अभियंता राल्फ प्रॉक्टर याने १९३३ मध्ये धरणांच्या मातीकामासंबंधी दाखवून दिले की, दिलेल्या ठोकणीखाली प्रत्येक माती एका विशिष्ट ओलाव्याला सर्वाधिक घट्ट बसते. धरण बांधणाऱ्याला जो ओलावा हवाहवासा वाटतो तोच वृक्षरक्षकाने टाळावयाचा असतो. कोरड्या जमिनीवर काम करणे हा, किंबहुना, सर्वांत स्वस्त संरक्षक उपाय होय.

आता तक्त्याकडे वळू. बाजारात सर्वाधिक आढळणारा तक्ता उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा, सुमारे २.४४ मीटर लांब, १.२२ मीटर रुंद आणि १२ ते १३ मिलिमीटर जाड असतो. त्याचे वजन ३६ ते ३९ किलोग्रॅम भरते, म्हणजे दोन माणसे तो सहज वाहून नेऊ शकतात. त्याच्या जाहिरातीत तो अमुक इतके टन भार सहन करतो असे ठळकपणे छापलेले असते. हा आकडा बहुधा खोटा नसतो. पण तो तक्त्याच्या चिरडले न जाण्याच्या शक्तीचा असतो. कठीण पृष्ठभागावर ठेवलेला पॉलिएथिलीनचा तुकडा अवजड गाडी सहन करतो यात नवल नाही. प्रश्न तक्ता टिकतो की नाही हा नसून त्याखालची माती टिकते की नाही, हा आहे.

मातीचे रक्षण तक्ता एकाच मार्गाने करू शकतो. चाकाखालचा भार त्याने अधिक क्षेत्रावर वाटून दिला पाहिजे. हे वाटप त्याच्या न वाकण्याच्या गुणावर, म्हणजे नमनदृढतेवर अवलंबून असते. नमनदृढता पदार्थाच्या स्थितिस्थापकतेच्या गुणांकाच्या सम प्रमाणात, आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेस्टरगार्ड याने १९२६ मध्ये काँक्रीटच्या रस्त्यांसाठी जी ‘सापेक्ष दृढतेची त्रिज्या’ मांडली ती येथे उपयोगी पडते. चाकाच्या कडेपासून भार साधारण किती अंतरापर्यंत पसरतो याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. मऊ, ओलसर जमिनीचा प्रतिक्रिया-गुणांक दर घनमीटरला २० मेगान्यूटन धरला तर १२.७ मिलिमीटर जाडीच्या पॉलिएथिलीन तक्त्यासाठी ही त्रिज्या जेमतेम साडेपाच सेंटिमीटर येते. १८ मिलिमीटरच्या प्लायवुडसाठी ती सुमारे ११, उभ्या-आडव्या थरांनी जोडलेल्या १० सेंटिमीटर जाड लाकडी तक्त्यासाठी सुमारे ३८, आणि २५ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यासाठी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. पॉलिएथिलीन पोलादापेक्षा दोनशे पटींहून अधिक लवचिक आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे आश्चर्य वाटत नाही.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एका चाकावर दोन टन भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब ४०० किलोपास्कल आहे असे समजा. चाकाचा जमिनीवरील दाब हवेच्या दाबाइतका धरल्यास स्पर्शक्षेत्राची त्रिज्या साडेबारा सेंटिमीटरांच्या आसपास येते. बूसिनेस्क याच्या १८८५ मधील उपपत्तीनुसार उघड्या जमिनीत तीस सेंटिमीटर खोलीवर सुमारे ८६ किलोपास्कल उभा दाब पोहोचतो. पॉलिएथिलीनचा तक्ता घातला तर पृष्ठभागावरील दाब जवळजवळ निम्मा, सुमारे २०० किलोपास्कल होतो. परंतु तीस सेंटिमीटरांवर तो ७२ किलोपास्कल उरतोच. जाड लाकडी तक्त्याखाली मात्र तेथील दाब २२ किलोपास्कलपर्यंत उतरतो. हे गणित स्थूल आहे, कारण माती आदर्श स्थितिस्थापक नसते आणि तक्त्याची कडही कोठेतरी संपते. तथापि तुलनेची दिशा त्याने बदलत नाही. डेन्मार्कमधील मृदाशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ओलसर शेतजमिनीसाठी पन्नास सेंटिमीटरांखाली ५० किलोपास्कलहून अधिक दाब जाऊ देऊ नये अशी मर्यादा सुचविली होती. नांगराच्या आवाक्यातील थर त्यांनी हिशेबाबाहेर ठेवला होता. वृक्षाखाली तशी सवलत घेता येत नाही.

याचा अर्थ पातळ तक्ता निरुपयोगी आहे असा नव्हे. चाकाच्या फिरण्याने व वळण्याने माती कातरली जाऊन चाकोऱ्या पडतात, हिरवळ उखडते, वरची मुळे सोलली जातात. हे सारे तो उत्तम रीतीने थोपवितो. घराच्या अंगणातील हिरवळीवरून हलके यंत्र न्यावयाचे असेल तर त्याहून अधिक काही लागतही नाही. परंतु हिरवळीवर चाकोरी उमटली नाही म्हणून मुळे सुरक्षित राहिली, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. तक्ता पुरावा लपवितो, एवढेच तेथे घडलेले असते.

पातळ तक्त्यांची एकावर एक चळत रचून जाडी साधण्याचा मोह होतो. तो फसवा आहे. एकसंध तक्त्याची जाडी दुप्पट केली तर दृढता आठपट होते. सुटे दोन तक्ते एकमेकांवर ठेवले तर ते परस्परांवरून घसरत वाकतात आणि दृढता केवळ दुप्पट होते. याहून कितीतरी चांगला साथीदार जागेवरच फुकट मिळतो, आणि तो म्हणजे त्याच झाडाच्या फांद्यांच्या ढलप्या. ‘ब्रिटिश स्टँडर्ड ५८३७’ या प्रमाणकाच्या २०१२ च्या आवृत्तीत दोन टनांपर्यंतच्या, चालत हाकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी जमिनीवर कापडी पडदा, त्यावर ढलप्यांचा १५ सेंटिमीटरांचा थर आणि त्यावर एकमेकांत अडकणारे तक्ते अशी रचना सुचविली आहे. दोन टनांहून जड वाहनांसाठी मात्र अभियंत्याने आखलेली व्यवस्था हवी असे तेथे म्हटले आहे. मुळांचे संरक्षित क्षेत्र बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे धरावे, असेही तोच ग्रंथ सांगतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्याला हे वर्तुळ ७.२ मीटर त्रिज्येचे, म्हणजे सुमारे १६३ चौरस मीटरांचे होते. ते संपूर्ण झाकावयाचे तर पन्नासांहून अधिक तक्ते लागतील. म्हणून यंत्राची वाट आधी आखून ती एकच ठेवणे आणि तेवढीच झाकणे हेच व्यवहार्य ठरते.

खरेदीत वजनाचा प्रश्न शेवटी निर्णायक होतो. पॉलिएथिलीनचा तक्ता चौरस मीटरला सुमारे १२ किलोग्रॅम, थरांचा लाकडी तक्ता ५० च्या आसपास, आणि २५ मिलिमीटरचा पोलादी पत्रा १९६ किलोग्रॅम भरतो. जड तक्ते अंथरावयास यंत्रच लागते. ते यंत्र आधी अंथरलेल्या तक्त्यांवरूनच पुढे सरकले पाहिजे, नाहीतर उपायच अपाय ठरतो. नुसत्या शेजारी-शेजारी जोडलेल्या तुळयांचा तक्ता तंतूंच्या दिशेनेच दृढ असतो, हेही विचारून घ्यावे. पॉलिएथिलीन उष्णतेने पुष्कळ प्रसरण पावते. तापमान तीस अंशांनी वाढले तर २.४४ मीटरचा तक्ता सेंटिमीटरभर वाढतो, आणि घट्ट जोडपट्ट्या असल्यास मधोमध फुगतो. सूर्यप्रकाशात टिकण्यासाठी त्यात काजळी मिसळलेली असावी. भेसळीच्या पुनर्वापरित प्लॅस्टिकचा तक्ता थंडीत ठिसूळ होऊन तडकतो. क्रेनच्या आधारपायाखाली असले तक्ते घालणे तर सर्वस्वी गैर आहे. तेथे स्वतंत्र, जाड आणि हिशेबाने निवडलेले पाटच हवेत, कारण तेथे प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो.

दख्खनच्या काळ्या जमिनीवर हा विचार अधिकच निकडीचा होतो. ही स्फीतिशील चिकणमाती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि पावसात तिची धारणशक्ती झपाट्याने ढासळते. तिला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांनी घट्टीकरण थोडेबहुत मोडते. मुरमाड किंवा भराव घातलेल्या शहरी जमिनीला एवढीही सोय नसते. महाराष्ट्रातील शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी मे महिन्यात उरकली तर जमीन आपोआप सुरक्षित राहते. पहिल्या सरींनंतर रेंगाळलेल्या कामाला मात्र पातळ तक्ता पुरत नाही. ढलप्यांचा जाड थर आणि त्यावर लाकडी तक्ता घालावा, किंवा जमीन सुकेपर्यंत यंत्र रस्त्यावरच उभे ठेवावे.