गुणांची वही आणि खेळाचा कस

रायपूरच्या चौबे कॉलनीत वा तात्यापाऱ्यात राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाची कन्या युनियन क्लबच्या कोर्टावर बरी खेळू लागली आणि ‘आता हिला स्पर्धा खेळवा’ असा प्रशिक्षकाचा अभिप्राय पडला, की त्या सज्जनापुढे प्रथम उभे राहते ते आद्याक्षरांचे जंजाळ: टीएस, सीएस-३, सीएस-७, एसएस, एनएस. १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या दप्तरातील या पायऱ्या वस्तुतः दुर्बोध नाहीत. तळाशी टॅलेंट सीरिज, तिच्यावर चॅम्पियनशिप, मग सुपर, मग नॅशनल सीरिज आणि शिखरस्थानी राष्ट्रीय अजिंक्यपद. वयोगट बारा, चौदा, सोळा व अठरा वर्षांखालील. सीएसपुढील आकडा दिवसांचा. सप्ताहाच्या स्पर्धेत शनिवार-रविवारी पात्रता फेरी उरकते आणि सोमवारी मुख्य ड्रॉ सुरू होतो.

तेरा वर्षे पूर्ण झाली, की आंतरराष्ट्रीय महासंघाचा इलाखा खुला होतो. तेथे २०२३ पासून स्पर्धेचे नावच तिचे मोल सांगते: जे-३० च्या विजेत्यास ३० गुण, जे-३०० च्या विजेत्यास ३००, आणि ज्युनिअर ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्यास १०००. गेल्या ५२ आठवड्यांतील एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल, अधिक दुहेरीच्या सर्वोत्तम सहांचा चतुर्थांश, एवढ्यावर क्रमवारी ठरते. सातवा निकाल वाईट आला तरी जमेतून छदामही वजा होत नाही. सबब वर्षाकाठी वीस स्पर्धा खेळणाऱ्याचे पारडे सहा खेळणाऱ्याहून आपोआपच जड होते. रायपूर मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे हे खरे, परंतु शाळेची हजेरी आणि बापाची शिल्लक रजा त्या मार्गावर कुठवर टिकणार? क्रमवारीत गुणवत्तेइतकाच प्रवासखर्चही नोंदलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेटिंगचा शिरस्ता निराळा. महासंघाचा वर्ल्ड टेनिस नंबर नवशिक्यास ४० पासून मोजत १ कडे उतरतो, तर यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) १ पासून साडेसोळापर्यंत चढतो. मुलगी मुख्य ड्रॉच्या पहिल्याच फेरीत मानांकित प्रतिस्पर्धिनीकडून ४-६, ५-७ अशी हरली, तर महासंघाच्या गुणवहीत शून्य पडते. यूटीआर मात्र समोर कोण होती आणि किती गेम घेतले हे पाहत असल्याने त्याच पराभवाने वर सरकू शकतो. अमेरिकेतील विद्यापीठांचे प्रशिक्षक खेळाडू निवडताना हा आकडा आवर्जून पाहतात. आणि त्या विद्यापीठांची वाट आपल्या लोकांस अपरिचित नाही, कारण ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममधून आणि अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून खेळून आलेले आहेत.

तथापि प्रवेशिका स्वीकारताना पाहिली जाते ती मुख्यत्वे क्रमवारी, त्यामुळे तिच्याकडे पाठ फिरवून भागत नाही. घरच्या टॅलेंट सीरिजचे चषक लागोपाठ आणणाऱ्या मुलीस नागपूरकडे एखादी सीएस-७ असेल तर तिच्या पात्रता फेरीत धाडावे, आणि ती दुसऱ्या दिवशीच परतली तर गुणांची चौकशी राहू देऊन कोणाशी पडली व किती गेम काढले, एवढे विचारावे.